नोकरीतला खेळाडू : भारतीय बास्केटबॉलपटूच्या पेशाचा इतिहास

भारतात बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्या माणसाला 'व्यावसायिक खेळाडू' म्हणण्याची पद्धत नव्हती. त्याला रेल्वेचा, पोलिसांचा, सैन्यदलाचा किंवा बँकेचा खेळाडू म्हणत. सकाळी सराव, मग हजेरीपत्रकावर सही, संध्याकाळी पुन्हा सराव आणि वर्षातून काही आठवडे आपल्या खात्याच्या संघाबरोबर परगावी स्पर्धा, असा त्याचा दिनक्रम असे. पगार महिन्याच्या महिन्याला येई आणि त्यासाठी सामना जिंकावा लागत नसे. अमेरिकेत पैसे घेऊन खेळलेला पहिला बास्केटबॉल सामना न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे 1896 मध्ये झाला असे मानले जाते. 1898 मध्ये तिथे पहिली व्यावसायिक लीगही उभी राहिली. भारतात अशा लीगचा पहिला गंभीर प्रयत्न 2015 मध्ये झाला. मधल्या शतकभरात इथे हा खेळ पेशा म्हणून जगला तो नोकरीच्या आधाराने, आणि त्या नोकऱ्यांमध्ये सर्वात मोठा वाटा रेल्वेचा होता.

रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे हुबळीइतके फार थोड्या गावांना ठाऊक आहे. स्थानकापासून जवळच लॅमिंग्टन रोड आणि दुर्गदबैल यांच्या शेजारी असलेला कोप्पीकर रोड ही शहराची मुख्य बाजारपेठ. या बाजारपेठेला महिन्याच्या पगाराचे गिऱ्हाईक मिळवून देण्यात रेल्वेच्या कारखान्याचा आणि कचेऱ्यांचा हात मोठा आहे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी 1880 च्या दशकात या भागात आली. तिचे मुख्यालय धारवाडला होते. ज्या दगडी इमारतीत आज कर्नाटक कॉलेज भरते, ती याच कंपनीची कचेरी. मुंबई, पुणे, मद्रास आणि म्हैसूर यांच्या मधोमध असलेल्या हुबळीत कंपनीने आपला कारखाना उभारला. 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी विलीनीकरण होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' अस्तित्वात आली, मुख्यालय मद्रासला गेले आणि धारवाडची इमारत रिकामी झाली. कारखाना मात्र हुबळीतच राहिला. पुढे 1944 मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, 1951 मध्ये ती दक्षिण रेल्वेत आणि 1966 नंतर हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला. 1 एप्रिल 2003 रोजी नैर्ऋत्य रेल्वे कार्यान्वित झाली, तेव्हा तिचे मुख्यालय हुबळी झाले. धारवाडहून उठलेली कचेरी जवळजवळ शंभर वर्षांनी अशी शेजारच्या गावात परतली. मुंबई राज्याचा भाग म्हणून 1956 पर्यंत ज्या शहराचा कारभार मुंबईतून चालला, त्याच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती.

रेल्वे कंपन्यांनी खेळाला हात लावला तो प्रथम आपल्या वसाहतींपुरता. जिथे मोठे स्थानक वा कारखाना, तिथे क्वार्टर्स, दवाखाना, शाळा आणि 'रेल्वे इन्स्टिट्यूट' ही मांडणी ठरलेली असे. इन्स्टिट्यूटमध्ये टेनिसचे कोर्ट, बिलियर्ड्सचे टेबल, नाचाचा हॉल. सुरुवातीला हे सारे मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांसाठी होते. हळूहळू हॉकी, फुटबॉल आणि मैदानी खेळांत भारतीय कामगार पुढे आले. निरनिराळ्या कंपन्यांमधील स्पर्धांना शिस्त लावण्यासाठी 1928 मध्ये एक मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. आज जे 'रेल्वे स्पोर्ट्स प्रमोशन बोर्ड' म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ तिथे आहे. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण भारतात बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतर सहा वर्षांनी, 1934 मध्ये दिल्लीत झाली. खेळ देशभर रुजण्याआधीच खेळाडूला नोकरी देणारी यंत्रणा तयार होती.

खेळ स्वतः आला तो वेगळ्या वाटेने. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद दालनात खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या, फुटबॉलचा चेंडू आणि तेरा नियम एवढेच त्याचे भांडवल होते. वायएमसीएचे प्रचारक जिथे गेले तिथे हा खेळही गेला. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. तिथून तयार झालेले क्रीडाशिक्षक देशभरच्या शाळा-कॉलेजांत पसरले. महाराष्ट्रात त्याच सुमारास देशी खेळांना नियमांची चौकट देण्याचे काम चालू होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी व एकूण व्यायामपद्धतीला दिलेला आकार त्याच काळातला आहे. बास्केटबॉल या चळवळीच्या बाहेरचा, मिशन आणि कॉलेज यांच्या आवारातला खेळ होता. त्यामुळे तो गावोगाव पसरला नाही. काही मोजक्या वस्त्यांत मात्र तो घट्ट रुजला.

मुंबईतील नागपाडा ही त्यांतली सर्वात विलक्षण वस्ती. हुबळीप्रमाणे मुंबईतही एक लॅमिंग्टन रोड आहे. दोन्ही रस्त्यांना 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव मिळाले. मुंबईतला हा रस्ता नागपाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. कामाठीपुरा, मदनपुरा आणि भायखळ्याच्या गिरण्या यांच्यामध्ये दाटलेल्या या भागात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केले. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये काढणारी मिशन ती हीच. मराठी वाचकाला ती छापखान्यामुळे आणि नियतकालिकामुळे माहीत असते, पण या वस्तीला तिने दिलेली देणगी निराळी होती. नेबरहूड हाउसमध्ये वर्ग चालत, वैद्यकीय मदत मिळे आणि मुलांना खेळायला जागा होती. याच कामातून 1936 मध्ये मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, जे आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. त्याचे पहिले वर्ग नागपाड्यातच भरले. संस्थेचा इतिहास सांगताना ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. त्याच आवारात वस्तीतली मुले बास्केटबॉल शिकली, ही गोष्ट तितक्या वेळा सांगितली जात नाही, आणि ती सांगायला हवी.

दाट वस्तीला हा खेळ सोयीचा होता. क्रिकेटच्या मैदानाला लागणारी जागा भायखळा-नागपाड्यात कुठून मिळणार? बास्केटबॉलच्या कोर्टाला अठ्ठावीस मीटर लांबी आणि पंधरा मीटर रुंदी पुरते. फरसबंदी चालते, दोन खांब आणि दोन कड्या पुरतात आणि दिवा लावला तर रात्रीही खेळता येते. नेबरहूड हाउस, मस्तान वायएमसीए आणि बच्चूखान मैदान या तीन ठिकाणांच्या आसपास मोठी होणारी मुले परस्परांशी रोज खेळत, आणि मोठी माणसे कठड्यावर बसून बघत. उंची कमी पडली तर वेग आणि चेंडूवरचा ताबा यांनी ती भरून काढायची, ही इथल्या खेळाची खूण झाली.

या वस्तीतून पुढे आलेले सर्वात मोठे नाव म्हणजे गुलाम अब्बास मुंतसिर. नेबरहूड हाउसच्या कोर्टावर खेळ शिकलेला हा मुलगा महाराष्ट्राकडून आणि पुढे भारताकडून खेळला, देशाचा कर्णधार झाला आणि 1970 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंतसिर यांच्या आसपासच्या वर्षांत अर्जुन पुरस्कार मिळवणारी नावे पाहिली तर त्या काळच्या बास्केटबॉलचा नकाशाच डोळ्यांसमोर येतो. खुशी राम (1967), गुरदयाल सिंग (1968), हरी दत्त (1969), मनमोहन सिंग (1971), सुरेंद्र कुमार कटारिया (1973), हनुमान सिंग (1975). यांतले बहुतेक पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि डोंगराळ प्रदेशातले, आणि खुशी राम यांच्यासारखे कित्येक सैन्यदलात घडलेले. या रांगेत मुंबईच्या गल्लीतून आलेला खेळाडू वेगळा उठून दिसतो. सैन्याच्या छावणीत खेळाडूला खुराक, वेळ आणि शिस्त तिन्ही मिळत. गल्लीतल्या मुलाला मात्र आधी खेळ दाखवावा लागे, मग एखादे खाते त्याला बोलावून घेई. भारतीय बास्केटबॉलच्या कारकिर्दीचे हे दोन मार्ग शेवटपर्यंत समांतर चालले.

बोलावून घेण्याची ही पद्धत म्हणजेच 'स्पोर्ट्स कोटा'. रेल्वेत वर्ग तीन आणि पूर्वीच्या वर्ग चारच्या काही जागा खेळाडूंसाठी राखीव असतात. विद्यापीठ, राज्य किंवा देश यांपैकी कोणत्या पातळीवर खेळाडू खेळला त्यावर त्याची पात्रता ठरते, चाचणी होते आणि तो कारकून, तिकीट तपासनीस किंवा खलाशी म्हणून रुजू होतो. चाचणी घेणाऱ्यांना संघात नेमके काय कमी आहे ते माहीत असते. सेंटर, म्हणजे कडीजवळ खेळणारा उंच खेळाडू, निवृत्त होत असेल तर त्या वर्षी उंच मुलाला भाव. रुजू झालेल्या खेळाडूला सरावासाठी कामातून सवलत, स्पर्धेसाठी विशेष रजा, प्रवासाचा पास, क्वार्टर्सचा हक्क आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय यश मिळाल्यास जादा वेतनवाढ किंवा बढती मिळते. वर्षातली मोठी कसोटी म्हणजे आंतर-रेल्वे स्पर्धा. दक्षिण, पश्चिम, मध्य, नैर्ऋत्य असे सगळे विभाग एकमेकांशी भिडतात आणि त्यांतून निवडलेला भारतीय रेल्वेचा एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या संघांसमोर उभा राहतो. यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत नेहमी एक विचित्र चित्र दिसते. एखाद्या राज्याने लहानपणापासून घडवलेली सर्वोत्तम खेळाडू त्याच राज्याविरुद्ध रेल्वेच्या जर्सीत खेळते. राज्य संघटनांची यावरची नाराजी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्या खेळाडूला घरचा चुलाही पेटवायचा असतो, आणि राज्य संघटनेकडे द्यायला पगार नसतो.

रेल्वेच्या बरोबरीने इतर मालकही होते. सैन्यदल आणि पोलीस हे जुने. सार्वजनिक क्षेत्रातील ओएनजीसीने पुढे देशातील सर्वोत्तम पुरुष खेळाडू गोळा केले. चेन्नईत इंडियन ओव्हरसीज बँकेचा संघ दबदबा राखून होता. कर्नाटकात ही भूमिका विजया बँकेने निभावली. 1931 मध्ये मंगळुरात स्थापन झालेल्या या बँकेचा बंगळुरातील बास्केटबॉल संघ राज्यातल्या मुलांसाठी मोठेच आकर्षण होता. हुबळी-धारवाडसारख्या शहरातील उंच, चपळ मुलापुढे त्यामुळे दोनच ठळक वाटा असत, रेल्वेची आणि बंगळुरातील बँकेची. 1 एप्रिल 2019 रोजी विजया बँक आणि देना बँक दोन्ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. देना बँकेचा कबड्डी संघ मुंबईकरांना जितका परिचित, तितकाच बंगळुरात विजया बँकेचा बास्केटबॉल संघ. बँका एकत्र होतात तेव्हा शाखा आणि ठेवी यांची चर्चा होते. खेळाडूंच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा असतो: नोकरी देणारे तीन दरवाजे होते, तिथे एक उरला.

पुरुषांच्या भारतीय संघाचे सर्वोत्तम दिवस याच नोकरदार खेळाडूंनी आणले. 1975 मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. पुढे फक्त चीन, जपान आणि दक्षिण कोरिया होते. 1980 मध्ये मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला आणि भारताला खेळण्याची संधी मिळाली. तिथे संघ बाराव्या म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला, पण ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये भारत उतरला तो तेवढा एकदाच. त्यानंतर आशियातील इतर देशांनी पूर्णवेळ व्यावसायिक लीग उभ्या केल्या आणि भारत मागे पडत गेला. दिवसातले काही तास कचेरीत काढणारा खेळाडू आणि दिवसभर खेळाशिवाय दुसरे काहीच न करणारा खेळाडू यांच्यातली दरी सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत दिसते.

महिलांच्या बाबतीत रेल्वेचे महत्त्व आणखी वेगळे आहे. सैन्यदल आणि बहुतेक बँका स्त्री-खेळाडूंना फारसे घेत नसताना रेल्वेने त्यांना कायम नोकरी दिली. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाने दीर्घकाळ गाजवलेली सत्ता त्यातून आली. घरच्यांच्या दृष्टीने मुलगी कोर्टावर किती गुण करते यापेक्षा तिला सरकारी नोकरी लागली ही बाब निर्णायक ठरे, आणि त्या एका आश्वासनावर शेकडो मुलींना विशीनंतरही खेळता आले. महाराष्ट्रातही हेच घडले. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळतच भारतीय संघाची आधारस्तंभ बनली.

दक्षिण रेल्वेच्या दोन खेळाडूंच्या कारकिर्दी या पेशाच्या दोन टोकांवर उभ्या आहेत. पहिली गीतू अ‍ॅना जोस. केरळच्या कोट्टायम भागातली, 1985 मध्ये जन्मलेली, सहा फुटांहून उंच. सुरुवात व्हॉलीबॉलने केली, उंची पाहून प्रशिक्षकांनी बास्केटबॉलकडे वळवले. दक्षिण रेल्वेत नोकरी मिळाल्यानंतर तिने त्या काळी कोणी भारतीय मुलीने न केलेले धाडस केले. ऑस्ट्रेलियातील रिंगवूड हॉक्स या क्लबकडून ती बिग व्ही लीगमध्ये खेळली. 2011 मध्ये तिने अमेरिकेतील डब्ल्यूएनबीएच्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो येथील संघांच्या निवड चाचण्या दिल्या. निवड झाली नाही. तरीही नोकरीतल्या खेळाडूला परदेशी क्लबचे दार ठोठावता येते, हे तिने दाखवले. 2014 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. रेल्वेच्या नोकरीने तिला जाण्याची मुभा दिली आणि परतण्याची जागाही राखून ठेवली. जोखीम पत्करायला तेवढे बळ पुरेसे ठरते.

दुसरी अनिता पॉलदुराई. चेन्नईची, जन्म 1985 चाच. 2000 ते 2017 अशी अठरा वर्षे भारताकडून खेळली, एकोणिसाव्या वर्षी कर्णधार झाली आणि आशियाई अजिंक्यपदाच्या नऊ स्पर्धांत तिने भाग घेतला. 2013 मध्ये दोहा येथे तीन विरुद्ध तीन प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघातही ती होती. पण तिच्या कारकिर्दीतला सर्वात लक्षणीय टप्पा शेवटचा आहे. बाळंतपणानंतर ती कोर्टावर परतली आणि जुलै 2017 मध्ये बंगळुरात झालेल्या महिला आशिया चषकाच्या 'ब' गटात भारताचे नेतृत्व केले. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला 75-73 असे हरवून वरच्या गटात प्रवेश मिळवला. क्लबच्या करारावर खेळणाऱ्या स्त्रीला त्या काळात बाळंतपणाची रजा म्हणजे बहुधा कराराचा शेवट असे. सरकारी नोकरीत ती हक्काची रजा होती. 2021 मध्ये अनिताला पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये हाच सन्मान वाराणसीच्या प्रशांती सिंगला मिळाला होता.

खेळ थांबल्यानंतर या पेशाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, आणि तो लांब असतो. गुडघे आणि घोटे साधारण पस्तिशीत जाब विचारू लागतात. निवृत्तीचे वय मात्र साठ आहे. तिकीट तपासनीस किंवा कारकून म्हणून उरलेली वीस-पंचवीस वर्षे पूर्ण नोकरी करावी लागते. आतापर्यंत सवलतीमुळे न शिकलेले काम त्या वयात शिकावे लागते, आणि खात्यांतर्गत परीक्षा देऊन वर गेलेले बरोबरीचे सहकारी तेव्हा साहेब झालेले असतात. काही जण आपल्याच विभागाच्या संघाचे प्रशिक्षक होतात, काही पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका घेतात, काही पंच होतात. नागपाड्यासारख्या वस्तीत मात्र जुना खेळाडू संध्याकाळी कोर्टावर येऊन लहान मुलांना शिकवतो, त्याचे मानधन कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. मुंबईच्या बास्केटबॉलची परंपरा टिकली ती मुख्यतः अशा माणसांमुळे.

करारावरच्या लीगचा प्रयत्न 2015 मध्ये झाला. त्या वर्षी पंजाबातील बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने एनबीए ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर निवडले, आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी सुरू झालेली यूबीए लीग 2017 पर्यंत चालून बंद पडली. ओएनजीसीत घडलेला विशेष भृगुवंशी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड संघापर्यंत पोहोचला, अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून खेळला आणि अमज्योत सिंग अमेरिकेत एनबीएच्या विकास लीगमध्ये गेला. 2022 पासून आयएनबीएल ही नवी लीग उभी राहू लागली. कबड्डीचे चित्र याच्या उलट दिसते. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि रेल्वे, पोलीस, कंपन्यांमधले खेळाडू एका हंगामात लाखांचे करार करू लागले. तरीही त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडली नाही. लीगचा करार हंगामाचा, नोकरी साठीपर्यंतची, हा हिशोब त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

या हिशोबात 2004 नंतर एक बदल झाला. 1 जानेवारी 2004 किंवा त्यानंतर केंद्र सरकारच्या सेवेत, म्हणजेच रेल्वेतही, लागलेल्यांना जुनी निश्चित पेन्शन न मिळता राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. आज खेळणारी जवळजवळ सगळी पिढी या योजनेतली आहे. तरीही स्पोर्ट्स कोट्याची ओढ कमी झालेली नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि पदकानंतर त्याला अधिकारीपदाची बढती मिळाली. बास्केटबॉलपटूच्या वाट्याला ऑलिंपिक पदक येण्याची शक्यता नसली, तरी विद्यापीठाच्या संघात चमकलेली मुले-मुली आजही रेल्वेच्या चाचण्यांची जाहिरात निघण्याची वाट पाहतात, आणि नैर्ऋत्य रेल्वेच्या जागांसाठी त्यांचे अर्ज हुबळीच्या कचेरीत पोहोचतात.